जुन्या गाडीचं पॉवर लॉक पुन्हा पुन्हा ढिलं पडतंय? ॲक्चुएटर बदलण्याआधी परतीची वाट मोजा, मग रिले बसवा

बटण दाबलं की दोन दरवाजे लागतात, तिसऱ्याची खुंटी अर्ध्यावर येऊन थांबते आणि चौथ्यातून नुसता दबका ‘टक’ ऐकू येतो. इंजिन चालू असलं की चारही लागतात, बंद केलं की नाही. कधी लॉक व्यवस्थित होतं, पण अनलॉक होत नाही. नवा ॲक्चुएटर (दरवाजातलं लॉक हलवणारी मोटर) टाकला की काही दिवस बरं चालतं आणि मग तेच रडगाणं दुसऱ्या दरवाजात सुरू होतं. ज्या जुन्या गाड्यांत लॉकच्या बटणातूनच मोटरींचा सगळा करंट जातो, त्यांत हा बिघाड फार दिसतो. लोक मोटरीमागून मोटरी बदलत बसतात, कारण आवाज मोटरीतून येतो. खरा दोष बहुतेक वेळा स्विचच्या आत असतो, आणि त्यातही करंट मोटरीतून परत येतो त्या बाजूला.

करंट कुठून जातो आणि कुठून परत येतो

दरवाजाच्या लॉकमधली मोटर दोन वायरची असते. एका वायरला प्लस आणि दुसरीला अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी जोडणी) दिला की लॉक, उलट दिलं की अनलॉक. हा अर्थ मोटरला दरवाजाच्या पत्र्यातून मिळत नाही, तो स्विचमधून मिळतो. बटण कोणी दाबलेलं नसताना स्विच दोन्ही वायर अर्थला जोडून ठेवतो. लॉक दाबलं की फक्त लॉकची वायर अर्थवरून सुटते आणि प्लसवर जाते. अनलॉकची वायर होती तिथेच, अर्थवर राहते आणि करंट तिच्यातून परत येतो.

म्हणजे लॉक करताना दोन कॉन्टॅक्ट कामात असतात: लॉकच्या बाजूचा दाबलेला आणि अनलॉकच्या बाजूचा न दाबलेला. हे नीट लक्षात घ्या, कारण निदान इथेच चुकतं. लॉक होत नाही म्हणून माणूस लॉकचं बटण उघडतो, कॉन्टॅक्ट घासतो, आणि तरी फरक पडत नाही. जळलेला कॉन्टॅक्ट असतो अनलॉकच्या बटणाखाली, ज्याला कोणी हातही लावलेला नसतो. मोरीची जाळी तुंबली असताना नळ बदलून पाणी वाहून जात नाही, तसं हे आहे.

ड्रायव्हरकडे एक आणि शेजारच्या दरवाजात दुसरा असे दोन स्विच असतील तर वाट आणखी लांबते. बऱ्याच गाड्यांत दोन्ही स्विच साखळीत असतात. मोटरींच्या वायर शेजारच्या दरवाजातल्या स्विचला, त्या स्विचचे न दाबलेले कॉन्टॅक्ट ड्रायव्हरच्या स्विचला, आणि अर्थ ड्रायव्हरच्या स्विचपाशी. ड्रायव्हरने लॉक दाबलं की करंट त्याच्या दाबलेल्या कॉन्टॅक्टमधून, मग शेजारच्या स्विचच्या न दाबलेल्या कॉन्टॅक्टमधून मोटरीपर्यंत जातो, आणि परत येताना पुन्हा दोन्ही स्विचच्या न दाबलेल्या कॉन्टॅक्टमधून येतो. चार कॉन्टॅक्ट, दोन्ही दरवाजांच्या बिजागऱ्यांजवळून गेलेली वायर आणि मधले कपलर (वायर जोडणारे प्लग). शेजारच्याने दाबलं तर एक कॉन्टॅक्ट कमी लागतो. म्हणून ‘ड्रायव्हरच्या बटणाने होत नाही, बाजूच्या बटणाने होतं’ अशी तक्रार असेल तर मोटरींकडे बघायचंही कारण नाही. मोटरी चांगल्या आहेत हे गाडीनेच सांगितलं आहे.

एक मोटर फिरताना आणि टोकाला अडकल्यावर साधारण ३ ते ६ अँपिअर घेते. चारही एकाच वेळी टोकाला अडकतात तेव्हा एवढ्याशा बटणातून १५ ते २० अँपिअर जात असतात. बोट उचललं की त्याच क्षणी कॉन्टॅक्ट सुटतो आणि ठिणगी पडते. वर्षानुवर्षं असं झालं की कॉन्टॅक्टवर काळे खड्डे पडतात. पॉलिश पेपरने घासले तर काही काळ बरं वाटतं, पण वरचा मुलामा निघून जातो आणि पुढचा जळण्याचा वेग वाढतो. स्विच घासून आलेला आराम टिकत नाही तो यामुळे.

मोजायचं कसं

साध्या मल्टिमीटरने चालत्या लॉकचं व्होल्टेज पकडता येत नाही. मोटर क्षणभरात काम आटोपते आणि मीटरवर आकडा स्थिरावायच्या आत सगळं संपलेलं असतं. कंटिन्युइटीची (वायर जुळलेली आहे का ते सांगणारी) बीप तर इथे सरळ फसवते. वायरच्या वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर बीप देतं, कारण त्याचा करंट नगण्य असतो. मोटरचा करंट त्या एका तारेतून जाऊ शकत नाही. भाराशिवाय केलेली कुठलीही तपासणी या बिघाडात कामाची नाही.

म्हणून मोटरच्या जागी बल्ब लावा. हेडलाइटचा ६०/५५ वॉटचा एच-४ बल्ब घ्या. एक फिलामेंट साडेचार-पाच अँपिअर घेतं, म्हणजे एका मोटरीएवढं. दोन्ही फिलामेंट समांतर जोडली तर साडेनऊच्या आसपास. सगळ्यात ढिल्या दरवाजाचं पॅड काढा, ॲक्चुएटरचा कपलर सोडवा आणि त्या दोन वायरना बल्ब जोडा. बल्ब चांगलाच तापतो, तेव्हा पॅडवर, सीटवर किंवा प्लॅस्टिकवर ठेवू नका. आता दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा. बाकीचे दरवाजे जोडलेलेच असतील तर दोन-तीन सेकंदांहून जास्त धरू नका, कारण तिथल्या मोटरी अडकलेल्या अवस्थेत तापतात.

तीन आकडे घ्यायचे. बल्बच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट मिळतात तो पहिला. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत किती गळतात तो दुसरा. बल्बच्या अर्थकडच्या टोकापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती गळतात तो तिसरा. मीटरची वायर पुरणार नाही, तेव्हा एक लांब वायर बॅटरीपासून आत आणून ठेवा. समजा बॅटरी १२.४ दाखवते, बल्बवर मिळतात ८.६, जाताना गळले १.२ आणि परतताना २.६. अडकलेल्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या प्रमाणात असतो, म्हणजे या मोटरीला जेमतेम ७० टक्के जोर मिळतोय. इंजिन चालू केलं की बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्टेज येतं आणि तेवढ्याने लॉक कसंबसं लागतं. इंजिन चालू असतानाच लॉक चालण्यामागचं गूढ एवढंच आहे.

लॉक आणि अनलॉक दोन्हींसाठी हे आकडे वेगवेगळे घ्या. एका दिशेला परतीची गळती जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी असेल, तर दोष विरुद्ध बटणाच्या न दाबलेल्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. दोन्ही दिशांना परतीची गळती सारखीच जास्त असेल तर दोन्हींचा सामाईक अर्थ खराब आहे. तो पत्र्याला बसवलेला नट उघडा, रंग आणि गंज खरवडा, घट्ट आवळा आणि पुन्हा मोजा. कधी कधी काम इथेच संपतं आणि रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लागतही नाही. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंतची गळती मी चालवून घेतो. एकाच्या वर गेली की दुरुस्ती करायचीच.

रिलेने बरं न होणारे दोष

एकच दरवाजा ढिला असेल आणि बाकीचे तीन खणखणीत चालत असतील तर रिलेचा विचार आत्ता बाजूला ठेवा. त्या दरवाजाच्या बिजागरीजवळचा रबरी बूट मागे सरकवा आणि आतली एकेक वायर हलकेच ओढून बघा. वरचं इन्सुलेशन शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, असं इथे सर्रास दिसतं. अशी वायर ओढली की रबरासारखी लांबते. दुरुस्ती करताना जोड बुटाच्या आत देऊ नका. बारीक तारांची लवचीक वायर घेऊन तुकडा इतका लांब बदला की एक जोड गाडीच्या आत आणि दुसरा दरवाजाच्या आत येईल. जोड सोल्डर करण्यापेक्षा क्रिम्प केलेला (पकडीने दाबून बसवलेला) बरा. सोल्डर तारांमध्ये शिरतं, तिथे वायर ताठ होते आणि वाकण्याच्या जागी त्याच कडेला तुटते.

वायर चांगली निघाली तर ॲक्चुएटरची रॉड काढून खुंटी बोटाने वर-खाली करा. चार दरवाजांच्या खुंट्या एकामागून एक हाताने हलवल्या की फरक लगेच कळतो. लॅचमधलं (दरवाजाच्या कडीच्या यंत्रणेतलं) जुनं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं. त्यावर नुसतं तेल मारू नका, आधी धुऊन काढा आणि मग नवं ग्रीस लावा. ॲक्चुएटरचे स्क्रू ढिले असले तर मोटर रॉडऐवजी स्वतःच सरकते. थंडीतच त्रास होत असेल तर माझा पहिला संशय ग्रीसवर जातो.

आणखी दोन प्रकार ओळखून ठेवा. फार जुन्या काही गाड्यांत मोटरऐवजी सोलेनॉइड असतात. तिथे लॉकची एक आणि अनलॉकची एक अशी प्लसची वायर येते आणि अर्थ बॉडीतून मिळतो, उलटसुलट करायचं काही नसतं. त्यांचा करंट मोटरीपेक्षा बराच जास्त असतो. तिथेही रिले उपयोगी पडतो, पण पुढे दिलेली जोडणी तशीच्या तशी वापरू नका. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या लॉकचा तर या लेखाशी संबंधच नाही, तिथे नळीची गळती शोधावी लागते.

रिले कोणता घ्यायचा

पाच पिनांचा, चेंजओव्हर प्रकारचा, १२ व्होल्टचा, ३०/४० अँपिअर लिहिलेला साधा ऑटोमोबाइल रिले. असे दोन. सोबत दोन सॉकेट. गाडी २४ व्होल्टची असेल तर रिले चालू करणारी आतली कॉइलही २४ व्होल्टची लागेल. पिनांवर आकडे असतात: ३० हा सामाईक कॉन्टॅक्ट, ८७ हा रिले चालू झाल्यावर जुळणारा, ८७-ए हा रिले बंद असताना जुळलेला, आणि ८५ व ८६ ही कॉइलची दोन टोकं.

चार पिनांचा रिले इथे चालत नाही. त्यात ८७-ए नसतो, त्यामुळे मोटरला परतीचा अर्थच मिळणार नाही. रिले टकटक वाजतील आणि लॉक हलणार नाही.

त्याहून धोक्याचा प्रकार वेगळाच आहे. काही पाच पिनांच्या रिलेंत मधली पिन ८७-ए नसते, तर दुसरी ८७ असते आणि दोन्ही ८७ आतून जोडलेल्या असतात. बाहेरून दोन्ही रिले सारखेच दिसतात, एकाच सॉकेटमध्ये बसतात. आपल्या जोडणीत मधल्या पिनेला अर्थ आणि ८७ ला बॅटरीचा प्लस येतो. तिथे असा रिले बसवला तर प्लस आणि अर्थ थेट एकमेकांना भिडतील. म्हणून प्रत्येक रिले बसवण्याआधी मीटरने तपासाच: ३० आणि ८७-ए मध्ये बीप यायला हवी, ३० आणि ८७ मध्ये येता कामा नये, ८७ आणि ८७-ए मध्ये तर मुळीच येता कामा नये. मग कॉइलला १२ व्होल्ट देऊन उलट तपासा. पुढेमागे कुणी रिले बदलेल, तेव्हा त्याच्यासाठी सॉकेटजवळ ‘फक्त ८७-ए असलेला’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवा.

जोडणी

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. एअरबॅगची गाडी असेल तर मायनस काढल्यावर काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कपलरना किंवा पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरना हात लावू नका. काच खाली घेऊन ठेवा आणि किल्ली खिशात ठेवा.

सगळा बदल एकाच ठिकाणी होतो. साखळीतल्या शेवटच्या स्विचमधून बाहेर पडून दरवाजांकडे फुटायच्या आधी ज्या दोन वायर असतात, लॉकची आणि अनलॉकची, त्या शोधा. रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरने खात्री करा. बटण न दाबता दोन्हींवर अर्थ, लॉक दाबल्यावर एकीवर प्लस, अनलॉक दाबल्यावर दुसरीवर प्लस. या दोन वायर कापा. आता स्विचकडून येणारी दोन टोकं आणि मोटरींकडे जाणारी दोन टोकं तुमच्या हातात आहेत.

स्विचकडचं लॉकचं टोक पहिल्या रिलेच्या ८६ ला, अनलॉकचं टोक दुसऱ्या रिलेच्या ८६ ला. दोन्ही रिलेंचे ८५ अर्थला. मोटरींकडचं लॉकचं टोक पहिल्या रिलेच्या ३० ला, अनलॉकचं दुसऱ्याच्या ३० ला. दोन्ही ८७-ए अर्थला. दोन्ही ८७ बॅटरीकडून आलेल्या नव्या, फ्यूज लावलेल्या प्लसला. झालं.

आता काय बदललं ते बघा. कॉइलचा रोध साधारण ८०-९० ओहमच्या आसपास असतो, म्हणून स्विचमधून जाणारा करंट १५-२० अँपिअरवरून जेमतेम ०.१५ अँपिअरवर आला. ठिणगीचं नावही उरलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परतीचा करंट आता स्विचमध्ये येतच नाही. तो रिलेच्या ८७-ए मधून तिथल्या तिथे अर्थला जातो. एकच स्विच असेल तर त्याचा न दाबलेला कॉन्टॅक्ट पूर्ण जळलेला असला तरी लॉकला काही फरक पडत नाही; पण साखळीत शेजारच्या स्विचचा न दाबलेला कॉन्टॅक्ट निदान जुळायला हवा, कारण ड्रायव्हरच्या बटणाचा प्लस त्यातूनच येतो. जुना स्विच आणि त्याची साखळी मात्र तशीच राहते. उद्या मूळ वायरिंग परत करायचं असेल तर दोन जोड पुरतात.

दोन्ही बटणं एकदम दाबली गेली तर? दोन्ही वायरवर प्लस येतो, मोटरीच्या दोन्ही टोकांवर सारखंच व्होल्टेज, मोटर हलत नाही आणि शॉर्टही होत नाही. ८७ आणि ८७-ए ची अदलाबदल मात्र होऊ देऊ नका. तसं झालं तरी लॉक चालतं, दिशा उलटी होते एवढंच, आणि माणूस स्विचकडच्या वायर उलटवून समाधानी होतो. पण मग बटण दाबलेलं नसतानाही दरवाजांकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरवर चोवीस तास प्लस राहतो. बिजागरीजवळ एखादी वायर घासली की गाडी उभी असतानाही शॉर्ट. योग्य जोडणीत त्या वायर अर्थवर असतात, त्यामुळे घासल्या तरी आग लागायची भीती फार कमी.

प्रत्येक कॉइलला समांतर १एन४००७ डायोड लावा, पट्टीचं टोक ८६ कडे. कॉइल सुटताना उलटा झटका येतो, तो स्विचच्या कॉन्टॅक्टपर्यंत पोहोचत नाही. आत डायोड असलेला रिले घेतला असेल तर वेगळा लावायची गरज नाही, पण मग ८६ प्लस आणि ८५ अर्थ हे पाळलंच पाहिजे. उलटं केलं तर बटण दाबताच फ्यूज जाईल.

वायरच्या जाडीत काटकसर करू नका. २० अँपिअरचा करंट तीन मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरमधून नेला तर एक व्होल्टहून थोडं जास्त गळतं. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पुन्हा परत आणलं. २.५ चौरस मिलिमीटर घेतली तर तेवढ्याच लांबीत ०.४ च्या आसपास. प्लससाठी आणि अर्थसाठी दोन्हीकडे २.५ घ्या. अर्थची वायरही तेवढीच जाड, कारण चारही मोटरींचा परतीचा करंट तिच्यातूनच जाणार आहे. कॉइलकडच्या वायर ०.५ च्या असल्या तरी चालतात. फ्यूज २० अँपिअरचा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा पूर्ण उघड्यावर असतो, तो शॉर्ट झाला तर अडवणारं मध्ये कोणी नाही. बॉनेटखालून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

अर्थसाठी रंग खरवडून उघडा पत्रा काढा, रिंग लग क्रिम्प करून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वरून ग्रीसचा थर द्या. जुन्या स्क्रूखाली वायर गुंडाळून ठेवलेला अर्थ काही पावसाळ्यांत गंजतो आणि तुम्ही पुन्हा बल्ब घेऊन बसता. वायरला नुसत्या चावून बसणाऱ्या क्लिपाही नकोत, त्या काही तारा कापतात आणि आत ओल धरतात.

रिले दरवाजात बसवू नका. दरवाजाच्या आतून पावसाचं पाणी वाहतं, ते वाहण्यासाठीच तळाला भोकं ठेवलेली असतात. पायाशी, बाजूच्या पॅनेलमागे कोरडी जागा बघा, पिना खाली आणि वायर खालून येतील अशा बसवा म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरणार नाही.

पहिल्यांदा प्लस देताना

रिले बसवलेले, फ्यूज काढलेला. नव्या प्लसच्या वायरपासून अर्थपर्यंत मीटरने रोध मोजा. काहीच जुळलेलं दिसता कामा नये. शून्याच्या जवळ आकडा आला तर एखाद्या रिलेत दोन ८७ आहेत किंवा पिनांची अदलाबदल झाली आहे. मग फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडून बॅटरी लावा. बटण न दाबता बल्ब पेटला तर शॉर्ट आहे, शोधा. नाही पेटला तर बटण दाबा, रिलेचा आवाज यायला हवा आणि बल्ब पेटायला हवा. त्यानंतरच फ्यूज घाला, आणि तो घालताना निदान एक दरवाजा उघडा असू द्या.

आता सुरुवातीचे तीन आकडे त्याच बल्बने पुन्हा घ्या. जाताना आणि परतताना मिळून एका व्होल्टच्या आत गळती यायला हवी. लॉकच्या जुन्या फ्यूजवर आता फक्त कॉइलचा भार आहे. त्याच फ्यूजवर दुसरं काही चालत नसेल तर तिथे ५ अँपिअरचा घाला.

रिमोट जोडला आणि फ्यूज उडाला

रिले बसवल्यावर लोक हमखास रिमोटचं युनिट त्यात जोडतात. युनिटच्या प्लसच्या दोन वायर सरळ ८६ ला. रिमोट दाबला की फ्यूज जातो, आणि दोष दिला जातो युनिटला. कारण साधं आहे. स्विच न दाबलेल्या अवस्थेत ८६ ची वायर अजूनही अर्थला जोडून ठेवतो. रिमोटने त्याच वायरवर प्लस दिला की तो स्विचमधून थेट अर्थला जातो. ज्याचा तो कॉन्टॅक्ट जळालेला आहे त्याच्या गाडीत फ्यूज जात नाही, म्हणून ‘त्याच्याकडे चाललं, माझ्याकडे नाही’ असाही गोंधळ होतो.

नव्या जोडणीत स्विचच्या त्या अर्थची गरजच उरलेली नाही. पण नुसती अर्थची वायर काढून भागत नाही: स्विचच्या आत दोन्ही न दाबलेले कॉन्टॅक्ट त्याच एका टोकाला जुळलेले असतात, त्यामुळे रिमोटचा प्लस दोन्ही ८६ वर जाईल आणि मोटर हलणार नाही. त्याऐवजी स्विचकडून ८६ कडे येणाऱ्या दोन्ही वायरमध्ये एकेक १एन४००७ डायोड घाला, पट्टीचं टोक ८६ कडे, आणि रिमोटची वायर डायोडच्या पुढे, ८६ पाशी जोडा. मग स्विच आणि रिमोट दोघंही ८६ ला प्लस देऊ शकतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत.  रिमोट युनिट बटणाला अर्थ देऊन चालणाऱ्या प्रकारचं असेल तर ते या कॉइलना थेट जोडता येत नाही, त्याची सेटिंग किंवा मधला छोटा रिले लागेल.

लॉक होऊन लगेच उघडत असेल तर

ड्रायव्हरच्या ॲक्चुएटरला पाच वायर असतील तर त्यातल्या दोन मोटरीच्या आणि तीन आतल्या छोट्या स्विचच्या असतात. खुंटी कुठे आहे ते हा स्विच कंट्रोल युनिटला सांगतो आणि युनिट बाकीच्या दरवाजांना तोच हुकूम देतं. ड्रायव्हरकडची खुंटी पूर्ण खाली गेली नाही तर आतला स्विच ‘अनलॉक’वरच राहतो किंवा मधल्या जागेत थरथरतो, आणि युनिट लागलेले दरवाजे पुन्हा उघडतं. इथे युनिट बदलायची घाई करू नका. ड्रायव्हरच्या दरवाजाचं लॅच धुऊन ग्रीस करा, रॉडची लांबी आणि ॲक्चुएटरची जागा अशी जुळवा की खुंटी दोन्ही टोकांना पूर्ण जाईल, आणि तिथलं व्होल्टेज मोजा. युनिटच्या आतले छोटे रिले थकलेले निघाले, तर त्याच्या दोन बाहेर पडणाऱ्या वायरही वरच्याप्रमाणेच आपल्या ८६ ना देता येतात, कारण त्या नेहमी अर्थवर आणि हुकूम देताना प्लसवर असतात. फक्त रिमोट मग वेगळा न जोडता युनिटच्या आधीच जोडा.

पुढे कधी एका दिशेने पूर्ण बंद पडलं

रिले बसवल्यावर काही वर्षांनी लॉक चालतं, पण अनलॉक अजिबात नाही, बॅटरीही उतरते, असं झालं तर लॉकच्या रिलेचा ३० आणि ८७ आतून चिकटले आहेत का ते बघा. चिकटलेल्या रिलेमुळे मोटरीच्या एका टोकावर कायम प्लस राहतो, मोटर अडकून तापत राहते आणि तिच्यातला संरक्षक घटक करंट कमी करून तिला जाळण्यापासून वाचवतो. अनलॉक दाबलं की दुसऱ्या टोकावरही प्लस येतो आणि काहीच हलत नाही. दोन्ही रिले एकाच प्रकारचे असल्याने तपासणी सोपी आहे. फ्यूज काढा, दोघांची जागा बदला, फ्यूज घाला. दोष उलट्या दिशेला गेला तर रिलेच खराब आहे. नाही गेला तर बटण आत रुतून बसलं आहे. स्विचचा कपलर काढल्यावर रिले ‘टक’ करून सुटला की खात्री पटते.